दाढी पाण्याने होते

आमच्या जुन्या घराच्या पडवीत खिळ्याला एक चौकोनी आरसा टांगलेला असायचा. सकाळी सहाच्या सुमारास वडील त्याच्यासमोर स्टुलावर तांब्याभर ऊन पाणी, ॲल्युमिनियमची वाटी आणि दाढीचं सामान मांडून बसत. पहिली पाच मिनिटं ते पात्याला हातच लावत नसत. ऊन पाण्यात बुडवून पिळलेला पंचा गालांवर धरायचा, तो निवला की पुन्हा बुडवायचा. ब्रश वाटीत भिजत पडलेला असायचा. मला शाळेची घाई, आणि भांग पाडायला आरसा तेवढाच. "बाबा, झालं का?" म्हटलं की पंच्याआडून उत्तर यायचं, "भिजतेय अजून."

पुढे मी दाढीच्या सामानाबद्दल बरंच वाचलं, देशी-विलायती बरंच विकत घेतलं, वापरून पाहिलं. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते त्या उत्तरात आधीच होतं. दाढी पाण्याने होते. साबण, ब्रश आणि रेझर या तिन्हींची निवड एकाच कसोटीवर करावी. ही वस्तू पाणी केसापर्यंत पोचवते का, आणि पातं फिरेपर्यंत ते तिथे धरून ठेवते का? दुकानात चकचकीत रेझर पुढे मांडलेला असतो आणि साबण मागच्या फळीवर. खर्चाचा आणि काळजीचा क्रम याच्या उलटा असावा, असं माझं ठाम मत आहे, आणि हे प्रकरण त्याच क्रमाने जाणार आहे.

आधी केसाकडे पाहू. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. पाण्यात राहिला की तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो आणि फुगतो. प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे हायड्रोजन बंध पाण्यामुळे सुटतात, केस मऊ पडतो, आणि मऊ पडलेला केस कापायला पात्याला कितीतरी कमी जोर लागतो. हे पाणी लावताक्षणी होत नाही. दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात, पाणी ऊन असेल तर काम लवकर होतं. केसावर त्वचेतून आलेल्या तेलाचा थर असतो, तो पाण्याला अडवतो. म्हणून आधी चेहरा साध्या साबणाने धुवावा. अंघोळीनंतर दाढी केली तर हे सगळं आपोआप साधतं. आपल्याकडे आधी दाढी आणि मग अंघोळ हा रिवाज आहे. तो मोडायचा नसेल तर ऊन पाण्याचा पंचा आहेच.

आता साबण. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगातून साबण तयार होतो. अंघोळीच्या वडीत ही अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे वडी टणक होते, पाण्यात सावकाश झिजते, महिनाभर पुरते. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा मोठा वाटा असतो. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. दुसरा फरक स्निग्धाम्लांचा आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा फेस भसाभस येतो, बुडबुडे मोठे असतात आणि बघता बघता विरतात. स्टिअरिक आम्लाचा फेस सावकाश येतो, पण बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. दाढीला हवा तो हा फेस, कारण बारीक बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये पाणी अडकून राहतं. अंघोळीचा साबण गालाला फासून दाढी केली की अर्ध्यावरच चेहरा कोरडा पडतो आणि चरचरतो, त्याचं कारण हेच.

म्हणून साबण घेताना वेष्टनावरच्या घटकांच्या यादीतली पहिली चार-पाच नावं वाचावीत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाणी, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरिन ही नावं वरच्या ओळीत असतील तर पाया पक्का आहे. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या ट्यूबवरही हीच नावं आढळतात. महाग साबणात जास्तीचं जे काही असतं ते बहुतेक सुगंधात आणि डब्यात असतं. लंडनमधली डी. आर. हॅरिस ही पेढी १७९० ची, ट्रूफिट अँड हिल १८०५ ची, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ ची. यांचे साबण आणि क्रीम उत्तमच असतात, त्यांचा वास दिवसभर सुखावतो, आणि ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावेत. पण चेहरा गुळगुळीत होण्याशी त्या किमतीचा संबंध थोडा. उलट ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी तीव्र सुगंधाचा साबण टाळावा, कारण खाज आणि लाली बऱ्याचदा सुगंधी द्रव्यांमुळे उठते.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. कित्येक पारंपरिक विलायती वड्यांमध्ये गुरांची किंवा मेंढ्यांची चरबी असते. वेष्टनावर ती 'टॅलोएट' या नावाने येते. 'पामेट' म्हणजे पाम तेलापासूनचं. चरबीचा साबण फेसाला चांगला असतो यात वाद नाही, पण ज्यांना तो चालत नाही त्यांनी हे दोन शब्द ओळखायला शिकावं. अनेक देशी उत्पादनांवर हिरवा ठिपका असतो, त्याने काम सोपं होतं. चरबीशिवाय चांगला साबण होत नाही हा समज आपल्या मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच मोडला गेला. कुलपं-तिजोऱ्यांसाठी नावाजलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी पहिलं महायुद्ध संपण्याच्या सुमारास वनस्पती तेलापासून साबण काढला आणि तो घरोघरी पोचला.

वडी, कांडी आणि क्रीम यांत घ्यायचं काय? नवशिक्याने क्रीम घ्यावं. त्यात पाणी आधीच असतं, त्यामुळे चूक व्हायला जागा कमी. वडी स्वस्त पडते, शंभर ग्रॅमची वडी रोज दाढी करणाऱ्यालाही कित्येक महिने जाते, आणि एकदा हात बसला की तिच्यासारखा फेस दुसऱ्या कशाचा येत नाही. कांडी प्रवासाला बरी, ओल्या गालावर थेट घासायची आणि वर ब्रश फिरवायचा. डब्यातून फुसकन बाहेर येणारा तयार फोम मात्र मी सुचवणार नाही. तो वायूच्या दाबाने फुगवलेला असतो, त्यात आकारमानाने वायू फार आणि पाणी थोडं. त्याच्याबरोबर ब्रशही सुटतो, आणि ब्रशबरोबर केस भिजण्याची ती दोन मिनिटंही.

फेस कसा करायचा ते सविस्तर सांगतो, कारण साबण वाईट म्हणून फेकून देणाऱ्या दहांतल्या आठांचा साबण चांगलाच असतो. वडी रुंद तोंडाच्या वाटीत ठेवा. तिच्यावर चमचाभर ऊन पाणी घालून पाच मिनिटं राहू द्या. भिजलेला ब्रश दोनदा झटकून निथळवा आणि वडीवर गोल गोल फिरवत मनात तीसपर्यंत आकडे मोजा. सुरुवातीला पातळ, मोठे बुडबुडे येतात, ते वाटीबाहेर सांडले तरी चालतील. विसाच्या पुढे ब्रश जड लागू लागतो आणि केसांच्या टोकांवर लोण्यासारखा लेप बसतो. हा अजून फेस नव्हे. आता ब्रश ओल्या गालावर आणा आणि टोकं पाण्याला जेमतेम टेकवत, थेंबाथेंबाने पाणी वाढवत फिरवत राहा. पाणी कमी असलेला फेस कापसासारखा उभा राहतो, दिसायला भरगच्च असतो, पण बोटांत धरला तर चिकटतो. पाणी बरोबर बसलं की तो कवडी दह्यासारखा होतो, वर चकाकी येते, आणि त्यात बुडवलेली दोन बोटं एकमेकांवरून सटकतात. पाणी जास्त झालं तर ताक होऊन हनुवटीवरून ओघळतं. बहुतेकांची चूक पहिल्या प्रकारची असते. भरगच्च दिसतं म्हणून ते थांबतात आणि मग पात्याला दोष देतात.

तरीही फेस येत नसेल तर नळाखाली पाहा. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या कितीतरी भागांत आणि शहरांतल्या बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. बादलीच्या कडेला पांढरं किटण धरतं ते हेच. असा साबण फेसाच्या कामाला उरतच नाही. पाणी उकळून निवळू दिलं की जडपणाचा एक भाग तळाशी बसतो. घरात आरओचं पाणी असेल तर वाटीभर त्यातलं घ्या, दाढीला तेवढं पुरतं. क्रीमवरच्या यादीत ईडीटीए हे नाव दिसलं तर ते जड पाण्यातही कामी येतं. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांनी महागड्या वडीवर पैसे घालण्याआधी हा प्रयोग करावा.

ब्रशचं काम तीन पदरी आहे. तो पाणी साठवतो, साबणात हवा कालवतो आणि गालाला चिकटलेले केस उभे करतो. बाजारात केसांचे मुख्य प्रकार चार. बॅजर हा युरोप आणि आशियात बिळं करून राहणारा लहान प्राणी. त्याच्या केसांचा ब्रश मऊ असतो, पाणी भरपूर धरतो आणि फार महाग असतो. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला टोचतो, पण दोन-तीन आठवड्यांत केसांची टोकं उकलतात आणि तो मऊ पडत जातो. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा कंपनी अशा ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे. घोड्याच्या केसांचा ब्रश या दोहोंच्या मध्ये बसतो. चौथा कृत्रिम धाग्यांचा. तीस वर्षांपूर्वीचा नायलॉनचा ब्रश म्हणजे काथ्याची कुंचली होती, तो नुसता पाणी गाळायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे चित्र पालटलं. आताचे धागे टोकाला निमुळते आणि रेशमासारखे असतात, साबण कमी खातात आणि तासाभरात वाळतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला मी डोळे झाकून कृत्रिम धाग्यांचा ब्रश सुचवतो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर नैसर्गिक केसांचा ब्रश पूर्ण वाळतच नाही. मुळाशी ओल राहते, कुबट वास येतो, बुरशी धरते. चौमासा काढायचा तर लवकर वाळणं हा मोठा गुण आहे. शिवाय डुकराचे केस ज्यांना चालत नाहीत त्यांचा प्रश्न सुटतो, आणि केसांसाठी बॅजर मारले जाण्याचं ओझंही मनावर राहत नाही. दुकानदार नक्की सांगू शकत नसेल तर एक केस उपटून काडीला लावून पाहा. नैसर्गिक केस चुरचुरत जळतो आणि जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन वितळून त्याची टणक गोळी होते.

ब्रशच्या केसांचा उगम माहीत असावा हा आग्रह नवा नाही, आणि त्यामागे माणसांचे जीव गेले आहेत. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा तुटला. सैन्याला तर लाखोंनी ब्रश हवे होते. मग चीन, सायबेरिया अशा ठिकाणांहून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे पट्टेदार रंगवून ब्रशांत भरले गेले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते आणि त्यांत अँथ्रॅक्सचे, म्हणजे गुराढोरांना होणाऱ्या फाशी रोगाचे, बीजाणू होते. दाढी करताना लागलेल्या बारीक ओरखड्यांतून ते आत शिरले. ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांनाही चेहऱ्या-मानेवर काळ्या खपलीचे फोड आले, आणि काही दगावले. जपानहून आलेल्या स्वस्त ब्रशांतही हे बीजाणू सापडल्यावर ब्रिटनने १९२० मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. आज नामांकित कंपन्यांच्या ब्रशांत ही भीती उरलेली नाही. पण जत्रेत किंवा जुन्या बाजारात मिळालेला, कुठल्या केसांचा आहे याचा पत्ता नसलेला जुना ब्रश गालाला लावू नये. आणि ब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा, घरातल्या घरातसुद्धा.

आता रेझर. वस्तऱ्याबद्दल मला आदर आहे. चामड्याच्या पट्ट्यावर सपसप फिरणारा वस्तरा आणि तो धरणारा हात पाहत बसावं. पण त्याला रोज पट्टा, अधूनमधून दगड आणि अनेक महिन्यांचा सराव लागतो. सलूनमध्येही तो आता जवळपास दिसत नाही. एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंची धास्ती पसरली तसे कारागीर दुधारी पातं मधोमध मोडून, अर्धं पातं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावू लागले, आणि ते योग्यच झालं. घरी करणाऱ्याने दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घ्यावा.

या रेझरच्या जन्मकथेतही पाणीच आहे, वेगळ्या अर्थाचं. आपल्याकडे लोहार विळ्या-कोयत्याला धार टिकावी म्हणून पाणी देतो, म्हणजे तापवून, विझवून पोलाद कठीण करतो. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याला १८९५ मध्ये सुचलं की कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला दोन्हीकडून धार लावावी आणि बोथट झाली की फेकून द्यावी. कल्पना सोपी होती, पण इतक्या पातळ पत्र्याला पाणी देताना तो वाकतो, पिळवटतो. जाणकारांनी हे होणार नाही असंच सांगितलं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ती युक्ती साधली, १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली, १९०४ मध्ये पेटंट मिळालं. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर दिले, आणि तरुणांची एक पिढी घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन.

जिलेटने रेझर जवळपास फुकट वाटला आणि पात्यांवर कमाई केली, असं व्यापाराच्या पुस्तकांत वारंवार लिहिलेलं असतं. ते खरं नाही. पेटंट हाती होतं तोवर रेझरची किंमत पाच डॉलर होती, त्या वेळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा सुमारे तिसरा हिस्सा. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त रेझर आले. पात्यांसाठी बांधून ठेवण्याची पद्धत खऱ्या अर्थाने पक्की झाली ती कार्ट्रिज, म्हणजे पात्यांसकट बदलायचं डोकं, आल्यावर, १९७१ मध्ये दोन पात्यांचं ट्रॅक टू आलं तेव्हापासून. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसरीच्या दांड्याला बसत नाही. दुधारी पातं मात्र ठाण्यात बनलेलं असो, जपानमधलं असो की रशियातलं, जगातल्या कुठल्याही दुधारी रेझरला बसतं. एका चांगल्या कार्ट्रिजच्या पैशांत डझनभर तरी पाती येतात.

कार्ट्रिजबद्दल आपल्या देशाशी जोडलेली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २००२ मध्ये जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती आणि त्यांना तो आवडला होता. इथे आल्यावर तो केसांनी तुंबू लागला. त्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत वाहता नळ होता. इथे लाखो लोक जमिनीवर बसून, वाटीभर पाण्यात, हातातल्या आरशात पाहून दाढी करत होते. वाटीतल्या पाण्याने दोन पात्यांमधली बारीक फट धुतली जात नाही. कंपनीची माणसं मग इथल्या घरांमधून जाऊन बसली, आणि २०१० मध्ये गार्ड हा रेझर आला, १५ रुपयांचा, सहज धुतला जाणारा, एकाच पात्याचा. पडवीतल्या माझ्या वडिलांच्या वाटीत दुधारी रेझर नुसता हलवला की स्वच्छ व्हायचा. आमच्या पाण्याच्या रीतीला तो पहिल्यापासून जुळलेला होता.

एका पात्याचा आणखी एक फायदा वैद्यकीय आहे. अनेक पाती एकामागून एक फिरताना पहिलं पातं केस थोडा ओढतं आणि पुढचं तो त्वचेच्या पातळीखाली कापतं. कुरळ्या दाढीचा असा केस वाढताना आतच वळतो आणि मानेवर पुळ्या उठतात. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी एका पात्याकडे वळावं, आणि पुळ्या पिकलेल्या असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

रेझर निवडताना मऊ घ्यायचा की आक्रमक, हा खरा प्रश्न. पातं आणि खालची सुरक्षा पट्टी यांच्यात फट जितकी मोठी, तितकं पातं त्वचेवर जास्त उघडं पडतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने लहान फटीचा आणि भरीव पट्टीचा रेझर घ्यावा, दातेरी पट्टीचा नको. जर्मनीतल्या म्यूलेचा आर८९ आणि इंग्लंडच्या एडविन जॅगरचा डीई८९ हे या प्रकारातले वर्षानुवर्षं टिकलेले नमुने आहेत. पण रचना तशीच असेल तर काही शे रुपयांचा देशी रेझरही काम चोख करतो. थोडं वजन असावं, म्हणजे हाताने दाबावं लागत नाही. वरची टोपी फुलपाखरासारखी उघडणारे रेझर पातं बदलायला सोयीचे, पण त्यात हलणारे भाग अधिक आणि जड पाण्याचं किटण तिथेच साठतं. मी तीन सुट्या भागांचा रेझर पसंत करतो. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. मुलामा उडाला की आटे झिजतात. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घेतलात तर तो तुमच्या मुलालाही पुरेल.

पात्यांत मात्र कोणाचं ऐकू नये. फेदर हे जपानी पातं अतिशय धारदार म्हणून ओळखलं जातं. एकाला ते लोण्यासारखं वाटतं, दुसऱ्याच्या मानेवर रक्ताचे ठिपके उठवतं. केस, त्वचा, रेझर आणि हात, चौघांचा मेळ बसायला लागतो. चार-पाच प्रकारची पाकिटं आणा, प्रत्येक पातं तीन-चार दाढ्यांना वापरा, मध्ये साबण आणि रेझर बदलू नका. महिन्याभरात तुमचं पातं तुम्हाला सापडेल.

पातं बोथट का होतं, याचंही उत्तर अलीकडे मिळालं आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. मग तो पोलादाला हरवतो कसा? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सेम तासान यांच्या गटाने याचा शोध घेतला. त्यांतल्या जानलुका रोशिओली यांनी स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला. धार झिजून गोल होण्याआधी तिचे बारीक टवके उडतात. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते, आणि वाकलेला केस विशिष्ट कोनात अशा कच्च्या जागेवर आला की तिथे टवका निघतो. त्यामुळे पातं टॉवेलला पुसू नये, नुसतं धुऊन झटकावं. पूर्वीची साध्या पोलादाची पाती दोन दिवसांत गंजत, म्हणून लोक ती काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून धार लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पातं आणलं आणि ती गरज संपली. आजच्या पात्याच्या धारेवर अतिसूक्ष्म लेप असतो, पेल्यावर घासलं की तो निघून जातो.

हात कसा चालवायचा ते मी सलूनमध्ये पाहून शिकलो. आमच्या गल्लीतले कारागीर डाव्या हाताच्या बोटांनी त्वचा ताणून धरत आणि उजवा हात जेमतेम टेकवत. पहिला हात सुलट, केस ज्या दिशेला झुकतात त्या दिशेने. मग पुन्हा पूर्ण फेस. "उलटा हात मारू का?" हे ते दर वेळी विचारत, आणि मानेवर लाली दिसली तर विचारायच्या आधीच "आज नको, काका" म्हणत. घरी हेच पाळावं. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत धरावं, हात आखूड असावेत, आणि फेस नसलेल्या जागी पातं पुन्हा फिरवू नये. शेवटी गार पाणी आणि ओल्या गालावर तुरटीचा खडा. तुरटी त्वचा आकसवते, बारीक रक्तस्राव थांबवते, आणि ती चरचरली तर पातं कुठे जोरात लागलं तेही दाखवते.

एक गोष्ट राहिली. वडील जुनी पाती पेन्सिलीला टोक काढायला ठेवत आणि आई शिवण उसवायला, त्यामुळे ती कचऱ्यात क्वचितच जात. आता ती जातात. आपला कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं, आणि कागदात गुंडाळलेलं पातं त्या बोटांना दिसत नाही. एक पत्र्याचा झाकणबंद डबा घ्या, झाकणाला पात्याएवढी चीर पाडा आणि वापरलेलं प्रत्येक पातं त्यात टाका. तो भरायला काही वर्षं लागतील. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत 'ब्लेड' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या.